मामींनी पुढे नेलेली खुर्ची

रविवार, ३० नोव्हेंबर. हजर : फाटकावरच्या मामी, माझी धाकटी बहीण नंदा, चहावाले बापू आणि मी. स्थळ : संस्थानी बंगल्याचा पोर्च. कारण : मामींचा बागेतला शेवटचा दिवस.

मामींना बसलेलं माणूस बघवत नसे. सांगलीतल्या या जुन्या दगडी बंगल्याभोवतीची बाग आता सर्वांसाठी खुली आहे. तिचं फाटक आणि झाडलोट मामींकडे होती. बाकावर कोणी रेंगाळलं, की त्यांचा खराटा नेमका तिथे पोचायचा.

कमरेच्या ऑपरेशननंतर मी नंदाच्या आधाराने बागेत येऊ लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी मात्र पुन्हा पडण्याच्या भीतीने फाटकाशी मामींच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि तशीच घरी परतायचे. मामींनी थोडे दिवस बघितलं. मग एका सकाळी खुर्ची आत, पहिल्या बकुळीखाली दिसली.

"बसायचं आसंल तर तितं या," एवढंच म्हणाल्या.

मी चिडले, पण गेले. ते झाड अंगवळणी पडलं, की खुर्ची पुढच्या झाडाखाली. एका सज्जन गृहस्थांनी दया येऊन ती माझ्यासाठी फाटकाकडे आणायला उचलली, तेव्हा मामींनी त्यांना भर रस्त्यात अडवलं. "आवं दादा, ठेवा खाली. बाईंचं पाय तुमी चालवनार हाय का?" बिचारे खुर्ची घेऊन परत फिरले.

बंगल्याभोवतीचा गोल रस्ता राजेसाहेबांच्या बग्गीसाठी केलेला. त्यावर मामींचं मत पक्कं होतं. "राजं लय फिरलं हितं, पर घोड्याच्या पायानं. तुमी सोताच्या पायानं फिरा."

पावसाळा सरता सरता माझी पूर्ण फेरी झाली. मी पेढे नेले. मामींनी एक खाल्ला आणि मला उलट्या दिशेने दुसऱ्या फेरीला लावलं. आज मी एकटी बाजारात जाते, बसमध्ये चढते. हे सगळं त्यांच्यामुळे.

निरोपाच्या दिवशी नंदाने साडी दिली, बापूंनी चहाचे पैसे घेतले नाहीत. मामी जतकडे, मुलाच्या मेंढरांपाशी निघाल्या होत्या. मी म्हटलं, गाडी करून भेटायला येईन.

"गाडी फाट्याव सोडा," त्या म्हणाल्या. "तितनं चालत या. मी दारातनं बगती."

फाट्यापासून त्यांची वस्ती बरीच आत आहे, मधे चढ आहे. तेव्हापासून नंदा दर रविवारी विचारते, आज निघायचं का. अजून गेलेले नाही.