काशाची वाटी आणि माझं पत्रक

बीडचं बसस्थानक आलं की मला अजूनही गरम पिठाचा वास येतो. स्थानकात गिरणी नाही. तो वास गोदाआत्याचा. लहानपणी सुट्टीत ती मला न्यायला यायची, तेव्हा तिच्या पदरावर, भुवयांवर पीठ असायचं. नांदूरघाटात ती पिठाची गिरणी चालवते, एकटीनं, दिवसभर उभी राहून. या खेपेला ती आली नव्हती. फोनवर एवढंच म्हणाली होती, "पाय धरलाय. तूच ये."

मी पुण्यात आरोग्याच्या चळवळीत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, भांडते. झोळीत नव्या पत्रकांचा गठ्ठा होताच.

नांदूरघाटची एसटी निघून गेली होती, म्हणून काळीपिवळीत (वडापची जीप) बसले. चालक रफीकचाचा आमच्या ओळखीचे.

"गोदाबाईकडं जायलीस? उठव बये त्या बाईला. दोन हप्ते गिरणी बंद हाय. आमी दळण घिऊन पार येळंबला जायलोत."

"दवाखान्यात कुणी नेलं नाही?"

"मी म्हनलो की, चला म्हनून. तर म्हनल्या, कावून (कशाला)? माझ्याकडं पुण्याचा कागद हाय."

मला तेव्हा अभिमान वाटला. हे मुद्दाम लिहून ठेवते.

मांजरसुंब्याच्या घाटात बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. सीताफळं डोळे उघडून हसत होती. आत्याला आवडतात म्हणून घेतली आणि नको तिथे ठेवली. नेकनूरपुढच्या खड्ड्यांनी आपलं काम केलं. उतरून पाहते तर झोळीत सगळा गर, आणि पत्रकं एकमेकांना चिकटलेली.

गिरणीचा पट्टा सैल लोंबत होता. आत आत्या बाजेवर, पाय दोन उशांवर, लुगडं घोट्यापर्यंत ओढलेलं.

"दाखव."

"बाईमाणसाच्या पायात काय बघायचं?"

या एका वाक्यानं आपल्याकडे किती पाय सडवलेत! मी लुगडं वर सारलं. तिच्या पिंढरीवरच्या निळ्या, फुगलेल्या शिरा मला लहानपणापासून माहीत होत्या. आता त्यांतली एक लालभडक झाली होती. गुडघ्याच्याही वर चढलेली, कातडीखाली दोरीसारखी कडक, हाताला गरम. बाजेखाली तेलाची बुधली आणि काशाची वाटी.

"रोज चोळते," आत्या म्हणाली. "शीर बसंनाच."

"चोळायचं नसतं ग! आत रक्ताची गुठळी असते. आणि दोन आठवडे अशी पडून कावून राहिलीस?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. पिठाच्या खळीनं चिकटवलेलं माझं मागच्या वर्षीचं पत्रक. झोळीतल्या गठ्ठ्यात त्याच्याच नव्या प्रती होत्या. "पायाची शीर सुजली? पूर्ण विश्रांती घ्या!"

"तूच लिवलंस. मी काय मनानं पडले?"

त्या ओळीपुढे मी आणखी एक ओळ लिहिली होती, 'पण चालणं थांबवू नका'. कागदावर जागा उरली नाही, म्हणून ती खोडली आणि उद्गारचिन्ह ठेवलं. ते जास्त जोरकस दिसत होतं.

"दम लागतो? छातीत दुखतं?"

"न्हाई. तू अशी कावून बघायलीस?"

रफीकचाचांची जीप अजून पारापाशीच होती. तशीच फिरवली.

बीडला दवाखान्याच्या बाकावर आत्यानं माझा हात धरून ठेवला. नारायणगडाच्या जत्रेत असाच धरायची, सुटू नये म्हणून. दिवसभर चालून घरी आलं की मला मांडीवर घेऊन तळव्यांना तेल लावायची आणि हीच वाटी फिरवायची. तेल काळं पडलं की म्हणायची, "बघ, निघाली सगळी उष्णता." तो हात आता माझ्या हातात होता, आणि माझ्या एका ओळीनं त्या हाताच्या मालकिणीला निजवून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी शिरांची सोनोग्राफी केली.

"गुठळी वरच्या, कातडीजवळच्या शिरेत आहे. आतल्या मोठ्या शिरेत गेली नाही, हे नशीब. तिथून ती फुफ्फुसात जाऊ शकते. पण ही लांब आहे आणि वर सरकतेय, म्हणून काही आठवडे रक्त पातळ ठेवणारं औषध. मनानं बंद करायचं नाही. कोमट ओल्या कपड्यानं शेकायचं, हा घट्ट मोजा घालायचा, चोळायचं नाही. आख्खा पाय सुजला, दम लागला, छातीत दुखलं, तर घरी थांबायचं नाही, थेट इथं. आणि चालायचं. पडून राहायला कुणी सांगितलं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आलं कुटून तरी कानावर."

"मी सांगितलं," मी म्हणाले.

दहा दिवस राहिले. रोज सकाळी आम्ही पारापर्यंत चालत गेलो, मग वेशीपर्यंत. रफीकचाचा हॉर्न वाजवायचे, "गोदाबाई, बसता का?" आत्या ओरडायची, "तुझ्या गाडीत बसून बसूनच लोकांच्या शिरा सुजायल्यात!" लाली उतरली. दोरी अजून हाताला लागत होती, पण दुखणं गेलं. गिरणी सुरू झाली. आत आता एक स्टूल आहे आणि दर दळणानंतर आत्या अंगणात दोन फेऱ्या मारते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं वाटी काढली. "तुझ्या तळव्याला तर चालंल, का त्याला बी कागद हाय?"

मी पाय पुढे केले. तेल काळं पडेपर्यंत ती वाटी फिरवत राहिली.

भिंतीवरचं पत्रक मी फाडायला गेले तेव्हा मात्र तिनं माझा हात झटकला. दळणाच्या डब्यांवर नावं घालायची निळी पेन्सिल घेतली आणि माझ्या उद्गारचिन्हावरच मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चाला'.

सकाळी ती मला सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत आली. चालत. भुवयांवर पीठ होतं. गाडी वळेपर्यंत ती थांब्यावर उभी राहिली नाही, पुढे-मागे येरझाऱ्या घालत राहिली. मी झोळी उघडली, सीताफळाच्या वाळलेल्या गरानं चिकटलेली पत्रकं एकेक करून सोडवली आणि पुण्यापर्यंत प्रत्येकाच्या उद्गारचिन्हावर तोच शब्द हातानं लिहीत गेले.