दाब कोणी वाढवला?
काल दवाखान्यात नर्सने लेकाच्या दंडाला स्पिरिट चोळलं आणि माझं नाक खाजायला लागलं. रोह्याच्या लस कंपनीतल्या बंद खोलीत असंच खाजायचं, पण डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, नाकाला हात लावायची सोय नाही. त्या दिवशी लस गाळायचा नवा पडदा कमी दाबावर चालवून बघत होतो. टाकी रिकामी होईपर्यंत बाहेर पडता येणार नव्हतं आणि पातळी काही उतरेना. मास्कमध्ये माझाच श्वास मला गरम लागत होता. सोबतची बाई धरमतरकडच्या मिठागरवाल्यांतली. "रेटू नको गो," ती म्हणाली, "आगरात पानी जोरान घेतला तं चिकल बसतो." ती नोंद करायला वळली आणि मी पंपाचा दाब वाढवला. मला फक्त सुटायचं होतं. पाच मिनिटांत पडदा तुंबला, आख्खी टाकी फुकट गेली. साहेबांनी काचेपलीकडून विचारलं, "दाब कोणी वाढवला?" झग्यात आम्ही दोघी सारख्याच दिसत होतो. तिची नोकरी पक्की होती, माझी अजून कच्ची. तिने हात वर केला, माझा खालीच राहिला. तिला पॅकिंगला पाठवलं, मी पुढे कायम झाले. काल लेकाला टोचून झाल्यावर नर्सने सहज विचारलं, "आता कोण?" आणि माझा हात वर गेला.