बुधवारचा तिसरा तास

माझी मावशी कॉलेजच्या ऑफिसात वेळापत्रक बनवते. चादरीएवढा कागद टेबलावर पसरून ती चौकोन आखते, आणि दुपारच्या पिवळट उजेडात तिला त्या चौकोनांतून माणसं चालताना दिसतात. पाण्याखालून चालल्यासारखी, कुणाचा कुणाला धक्का न लागता.

धक्का न लागणं हेच तिचं खरं काम. अकरा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या किल्लीवरून उंच सर आणि बुटके सर यांचं बिनसलं, ते बिनसलंच. तेव्हापासून एक शिकवत असला की दुसरा मोकळा. शिक्षकांच्या खोलीत दोघांची गाठ म्हणून पडली नाही. हे मावशीनं जमवलंय, याचा कुणाला पत्ताही नव्हता.

यंदा नव्या प्राचार्यांनी कामगिरीचा तक्ता आणला. त्यात एक रकाना होता : सोडवलेले वाद. मावशीनं शून्य लिहिलं. प्राचार्यांनी 'पुढाकार नाही' असा शेरा मारला आणि पुढच्या सत्रापासून हे काम दुसऱ्याला देऊ म्हणाले. त्या दिवशी मावशी चहात साखर घालायला विसरली आणि तसाच प्यायली.

या सत्राचे दोन महिने उरले होते. त्यातच तिनं दोघा सरांना बुधवारचा तिसरा तास मोकळा देऊन टाकला. होऊ दे एकदाचं भांडण. सोडवू, रकाना भरू.

बुधवारी ती फाइल छातीशी धरून दाराबाहेर उभी राहिली. आत पंखा गरगरत होता. मग उंच सरांचा आवाज आला, "केस फारच पिकले हो तुमचे."

"तुमचे पिकायला उरलेत कुठं?"

खुर्ची सरकली. दोघंही हसत होते.

"होतात कुठं इतकी वर्षं?" बुटक्या सरांनी विचारलं.

"इथंच. तुम्हीच दिसायचा नाहीत."

मावशी दिवसभर झोपेत चालल्यासारखी वावरली. संध्याकाळी मला म्हणाली, भांडण कधीच विझलं असणार गं, मीच आपली राखण करत बसले.

सकाळी ती प्राचार्यांकडं गेली. सगळं सांगितलं. शेऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही, बाकीच्यांनाही एकेक करून समोरासमोर आणायला एक सत्र तेवढं मागितलं.

"कुणाला कुणापासून लांब ठेवलंय ते माझ्या डोक्यात आहे, सर. कागदावर ते दुसऱ्याला दिसायचं नाही."

अशा जोड्या आहेत तरी किती, प्राचार्यांनी विचारलं. मावशी बोटांवर मोजू लागली. उजवा हात संपला, डावा अर्ध्यावर आला, तेव्हा त्यांनीच तिला थांबवलं आणि सत्र दिलं. शेरा मात्र खोडला नाही.