पेडलवरचा पाय

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत. ही एक मात्र अजून डोळ्यांसमोर उभी राहते.

साठच्या दशकाची सुरुवात होती. बंगळूरच्या बसवनगुडी भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या घराचे फाटक उघडताना टोपी सरळ आहे ना, हे मी चाचपून बघत असे.

फिर्याद एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांची होती. कित्येक पिढ्या याच शहरात राहिलेले मराठी कुटुंब. त्यांच्याकडे महायुद्धाच्या आधीची एक विलायती मोटार होती. आदल्या दिवशी देवळाजवळच्या उतारावर तिचे ब्रेक लागलेच नाहीत. गाडी भिंतीवर आदळली आणि त्यांचा उजवा हात मोडला.

"घातपात आहे," ते म्हणाले. "ब्रेकमधली हवा मी स्वतः अपघाताच्या आदल्या सकाळी काढली होती. माझ्या कामात चूक होत नाही. नंतर कोणीतरी हात लावला. कोण, ते तुम्हाला सांगायला नको."

त्यांचा रोख जुन्या ड्रायव्हरवर होता. निवृत्तीनंतर गाडी आपणच चालवायची असे ठरवून त्यांनी त्याला काढले होते. जाताना तो फाटकात उभा राहून म्हणाला होता, "ही गाडी तुमच्या हातात राहणार नाही." हे गल्लीने ऐकले होते. त्यात एका शिपायाने खबर आणली की, समोरच्या पानवाल्याने अपघाताच्या आदल्या सकाळीच खाकी कोटातला एक माणूस फाटकाच्या आत चाकाशी आडवा झालेला पाहिला होता. तोंड दिसले नव्हते. पण खाकी कोट ड्रायव्हरचाच, असे पानवाला शपथेवर सांगायला तयार होता.

पंचनामा झाला. मोटार तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कळवले की नळी कुठे कापलेली नाही, स्क्रू सगळे घट्ट आहेत, मात्र नळ्यांत हवा भरलेली आहे. ती कशी शिरली, हे सांगता येत नाही.

ड्रायव्हरला ठाण्यात बसवले. त्या घरात राहून तो मराठी शिकला होता, मधेच एखादा कानडी शब्द येई.

"ते बोललो ते सरी, खरं आहे, साब. रागात बोललो. गाडीला हात लावला नाही."

"मग खाकी कोटातला माणूस कोण?"

"माझा कोट तर तिथंच राहिला. मागायला गेलो नाही, एवढंच." मग तो म्हणाला, "साब, सरकारी बसवर माझी निवड झाली आहे. गुन्हा नोंदला तर ती जाईल. स्वल्प थांबता का?"

ठाणे अंमलदार हसले. "सगळेच थांबा म्हणतात." मी मात्र थांबलो. तो खरे बोलत होता असे वाटले म्हणून नव्हे. ब्रेकमधली हवा काढतात म्हणजे नेमके काय करतात, हेच मला माहीत नव्हते, आणि न समजलेल्या गोष्टीवर सही करायला हात धजेना.

दुसऱ्या दिवशी मी फिर्यादी अधिकाऱ्यांच्या घरी गेलो आणि सरळ म्हणालो, "मला शिकवा."

ते खुलले. ब्रेकच्या नळ्यांत तेल असते. त्यात हवा राहिली की पेडल मऊ लागते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर हवा बाहेर येते. स्क्रू पुन्हा आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही.

"म्हणजे दोन माणसं लागतात," मी म्हणालो. "त्या दिवशी आत कोण होतं?"

"कोण असणार? सून."

फिर्यादीत तिचा उल्लेखही नव्हता.

मी विनंती केली की सगळे त्या दिवशीसारखेच करून दाखवा. हात गळ्यात अडकवलेला असल्याने त्यांना वाकता येत नव्हते, म्हणून चाकाशी मीच आडवा होणार होतो. "थांबा, वर्दी खराब होईल," ते म्हणाले आणि खुंटीवरचा खाकी कोट त्यांनी माझ्या अंगावर टाकला. "मीही हाच घातला होता."

मी चाकाशी आडवा झालो. तेवढ्यात रस्त्यावरचा शिपाई हसत आत आला. "साहेब, पानवाला म्हणतो, तो माणूस परत आलाय, पकडा."

आता फक्त हवेचा प्रश्न उरला होता.

सून डोक्यावर पदर घेऊन गाडीत बसली. सासऱ्यांपुढे बोलायचे नाही, ही त्या घरची रीत. पेडल दाबले की बांगड्या दारावर वाजवायच्या, एवढी खूण ठरलेली होती. या वेळी मी स्क्रूला रबरी नळी लावून तिचे टोक तेलाच्या बरणीत बुडवले होते. बांगड्या वाजल्या. मी स्क्रू सैल केला. तेल बरणीत आले, आणि लगेच नळीतून उलटे वर चढले. त्या दिवशी नळी नव्हती, बरणी नव्हती. तेलाऐवजी हवाच आत ओढली गेली होती.

"अक्का, पाय उचललात का?" मी विचारले.

ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "सांग गं. पोलिसांना सांगायला हरकत नाही."

"पेडल एकदम खालीच गेलं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, माझ्या पायानं काहीतरी मोडलं. म्हणून उचलला. त्या दिवशी प्रत्येक चाकाला तसंच झालं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" अधिकारी कडाडले.

"कसं सांगेल?" सासूबाई म्हणाल्या. "बांगड्यांनी?"

अधिकाऱ्यांनी फिर्याद मागे घेतो म्हणून सांगितले आणि कोट घडी घालून माझ्या हातात दिला. "त्याला द्या. नाही... राहू द्या. मीच नेऊन देतो."

ड्रायव्हर बसवर रुजू झाला.

त्यानंतर मी कुठलाही जबाब घेताना एक प्रश्न न चुकता विचारत आलो: आणखी कोण होते? बहुतेक जण आधी "कोणी नाही" म्हणतात. मग जरा आठवतात, आणि घरातलेच एखादे माणूस निघते. ते खोटे बोलत नसतात. त्यांनी त्या माणसाला मोजलेलेच नसते.

पुढे हात बरा झाल्यावर अधिकाऱ्यांनी ब्रेकचे काम पुन्हा काढले. मी त्या गल्लीतून गस्तीवर चाललो होतो. फाटक बंद होते, पण आतला आवाज रस्त्यावर स्पष्ट येत होता.

"धरलंय, मामंजी. खाली चाललंय."

"जाऊ दे. सोडू नकोस."

"नाही सोडत. तुम्ही आवळा आधी."