वेधशाळेला जाताना ‘ध’ सांभाळा

माझ्या नातीला हवामानशास्त्रात करिअर करायचंय. पर्यावरण धोरण, हवामान बदल, जेवताना तिचं हेच चाललेलं असतं. परवा म्हणाली, "आजोबा, तुम्हीसुद्धा याच कामासाठी अकोल्याला गेला होतात ना? लिहा की ब्लॉगवर." तेव्हा हा साठच्या दशकातला अमरावती-अकोला प्रवास. मजेचं फारसं काही नाही, आधीच सांगून ठेवतो.

मी नुकताच बीएस्सी झालो होतो. बाबा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, आता पाण्यासाठी कोणापुढं ओंजळ धरायची नाही. मला मात्र आभाळाचं वेड. कॉलेजच्या गच्चीवरचा तापमापक रोज मीच वाचायचो. अकोल्याच्या वेधशाळेत निरीक्षकाची जागा निघाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिलो. अख्ख्या वऱ्हाडात आभाळ पाहण्याचा पगार देणारी दुसरी खुर्ची मला तरी माहीत नव्हती.

अमरावतीहून छोट्या गाडीनं बडनेरा, तिथून मोठ्या लाइनवर अकोला. तुम्ही जाणार असाल तर मे महिना टाळा. डब्यात लाकडी बाकाला पाठ चिकटत होती. मूर्तिजापूरला पुरीभाजी घेतली, ती स्वस्त होती आणि तितकीच तिखट. पाण्याची सुरई मी घरीच विसरलो होतो.

अकोल्याला उतरून टांगा केला. टांगेवाले चाचा म्हणाले, "कुठी जाता, बाबू?"

"वेधशाळेत."

"मले मालूम हाय. जुन्या शहरात हाय ते. बसा!"

मला बरं वाटलं. मोर्णा नदी ओलांडून आम्ही गल्ल्यांमधून फिरत फिरत एका दारापुढं थांबलो. आतून पोरांचा एका सुरात पाठ ऐकू येत होता. वेधशाळेत पोरं कशाला पाठ म्हणतील, हे डोक्यात यायच्या आत टांगा निघूनही गेला.

एक वयस्क गुरुजी बाहेर आले. "या. गोत्र कोणतं आपलं?"

मी म्हणालो, "मला हवामानाच्या वेधशाळेत जायचंय. तिथं मुलाखत आहे."

गुरुजी हसले. "अहो, ती वेधशाळा. ही वेदशाळा!"

दुधाला दूद म्हणणारी आमची जीभ. चाचांना मी नक्की काय म्हणालो, देव जाणे. ‘ध’ म्हणताना तोंडातून जेवढी हवा सुटते, तेवढ्या हवेपायी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला येऊन पडलो होतो.

"उन्हाचे आलात, पाणी घ्या," म्हणत गुरुजींनी भरलेला पेला पुढं केला आणि सहज नाव विचारलं. मी नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. "बरं, बरं," म्हणून ते पेला घेऊन आत गेले. परत आले ते तांब्या घेऊन. रागावले नव्हते, तोंडावरचं हसूही तसंच होतं. मला पायरीखाली बसवून त्यांनी वरून धार धरली. घशाला कोरड पडली होती. मी ओंजळ धरली आणि प्यायलो.

मग उन्हात पळत सुटलो. जठारपेठेच्याही पलीकडं वेधशाळा सापडली. अंगणात तापमापक ठेवायची पांढरी, झडपांची पेटी उभी होती. तिला हात लावावासा वाटला. आत साहेब कागद आवरत होते.

"उशीर का झाला?"

मी खरं ते सांगितलं. कारकून खो खो हसला. "साहेब, हा वेदशाळेत जाऊन आला!" साहेबही हसले, मग म्हणाले, "नोंद ठरल्या वेळीच घ्यावी लागते. तुम्हाला मुलाखतीची वेळ साधली नाही."

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही, आणि तेच जास्त झोंबलं.

परतीचा प्रवास मला आठवत नाही, त्यामुळं त्याची माहिती देता येत नाही. घरी पोचलो तर बाबा दारातच बसलेले.

"काहून रे, तोंड पाडून आला?"

"नोकरी नाई भेटली, बाबा."

त्यांनी माझा घामानं भिजलेला सदरा पाहिला. मग म्हणाले, "उनाचा गेलता. पानी तरी देल्लं का कोनं?"

"देल्लं."

"पेल्यात?"

"हो. पेल्यात."

बाबांचा चेहरा उजळला. "मंग नोकरीचं जाऊ दे. दुनिया बदलून राह्यली, पोरा." त्या दिवशी ते पोटभर जेवले. मी माझं ताट झाकून ठेवलं.

पुढं मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. ढगांचे प्रकार फळ्यावर काढले आणि पुसले. वेधशाळेच्या त्या अंगणात पुन्हा कधी पाय ठेवला नाही. दुनिया बदलली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. बाबा मात्र ती बदलली असं समजूनच गेले.

पुढच्या आठवड्यात नातीची मुलाखत आहे. काय तयारी करू, म्हणून विचारत होती. तिला एवढंच सांगितलं, घरून पाण्याची बाटली भरून ने.