बाबांची केस

आहारशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेले तेव्हा मॅडमनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नुसते तक्ते करायला शिकायचं असेल तर इथं येऊ नका, तक्ते मोबाइलही करून देतो. समोरचा माणूस काय खातो, काऊन खातो, काय लपवतो, हे त्याच्याकडून काढता आलं पाहिजे. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

शेवटच्या वर्षी प्रत्येकीला एक केस करायची होती. रुग्ण निवडायचा, त्याचा आहार ठरवायचा अन् पडलेला फरक परीक्षकांपुढं मांडायचा. मैत्रिणी दवाखान्यात रुग्णांच्या मागं फिरल्या. मी बाबांना घेतलं. मावल्याला राहणारे रिटायर मास्तर, शुगरच्या गोळ्या चालू, लेकीचा शब्द खाली न पडू देणारे. असा पेशंट शोधून सापडला नसता.

हैदराबादेतून मी फोनवरच सांगून टाकलं, भात बंद, एका वेळी एकच भाकर, चहा बिनसाखरेचा.

"तू म्हणशील तसं, माय," बाबा म्हणाले. "तुहे मार्क नाही जाऊ देत मी."

मी हसले, एवढंच.

रोज सकाळी ते शुगरच्या मशीनवरच्या आकड्याचा फोटो पाठवायचे. आकडा उतरत चालला, तशी मी होस्टेलभर मोबाइल दाखवत मिरवत सुटले. हा एवढा भराभर काऊन उतरून राह्यला, हे विचारायचं काही मला सुचलं नाही. तेवढंच तर शिकायला गेले होते मी, दुसरं काय?

आईलाही पत्ता नव्हता. आमच्या घरात जेवणाऱ्याच्या ताटात कोणी पाहत नाही. बाबांचे आईबाप बेला गावाकडं लोकांच्या शेतात राबायचे. ज्वारीच्या कण्या शिजायच्या, त्याही सगळ्यांना पुरायच्या नाहीत. कोणाच्या वाट्याला किती आलं हे दिसू नये, म्हणून सगळे तोंड फिरवून जेवायचे. पुढं नोकरी लागली, टोपलं भरलेलं राहू लागलं, तरी ती रीत राहिली. आई भाकरीचं टोपलं पुढं ठेवून चुलीकडं वळायची. बाबा अर्धी भाकर खाऊन उठायचे. रात्री तर बाहेर खाऊन आलो म्हणायचे.

एका सकाळी फिरायला निघालेले ते गावच्या तलावाच्या रस्त्यावर कोसळले. गोळी घेतलेली, अन् पोटात काही नाही. चहावाल्यानं साखरपाणी पाजलं, म्हणून माझे बाबा आज आहेत.

मी मिळेल त्या गाडीनं आले. त्यांच्या कपाळावर टाके होते.

"काऊन असं केलं तुमी, बाबा?"

"आकडा वर गेला असता ना, माय. परीक्षा तुही होती."

असा संताप आला मला. आधी त्यांचा आला, मग पुरता माझाच. पोट भरल्यावरच ताटावरून उठायचं, ही सवय लागायला या माणसाला निम्मं आयुष्य लागलं होतं. त्याला मी पुन्हा उपाशी ठेवलं, तेही मार्कांसाठी. वर ते पोरींना दाखवत मिरवलं. लाज वाटते मला, अजूनही वाटते.

मॅडमला सगळं खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. दुसरा रुग्ण घेऊन मी केस पुन्हा केली, पासही झाले.

डॉक्टरांनी बाबांची गोळी कमी केली, मी भाकर वाढवली. त्या दिवशी आईनं अंबाडीची भाजी केली होती. मी रीत मोडून बाबांच्या शेजारी बसले, त्यांच्याकडं तोंड करून. पहिली भाकर संपली तसा त्यांचा हात टोपल्याकडं गेला अन् तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"अजून अर्धी घेऊ का?"

"घ्या ना, बाबा. विचारता काय?"

घेतली त्यांनी. आता तब्येत बरी आहे, आकडाही बरा असतो. पण अजूनही दुसरी भाकर घ्यायच्या आधी ते मला विचारतात. मी गावात नसले तर फोन करतात, अन् मी उचलीपर्यंत ताटावर थांबून राहतात.