श्रद्धा नव्हे, इमान

अनंतराव म्हणजे सरळ माणूस, असं समर्थनगरात कुणीही सांगेल. अहो, उभी हयात कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण ओळखीपाळखीवर कुणाचा अर्धा मार्क वाढवला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी इंग्रजी कादंबरी मराठीत आणायला घेतली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. त्यातला पाद्री मेलेल्या भावाची प्रवचनं स्वतःची म्हणून वाचतो, गावाचा लाडका होतो आणि शेवटी भर चर्चमध्ये उभा राहून खरं काय ते कबूल करतो.

घोडं अडलं एका शब्दावर. पाद्री म्हणतो, माझा 'फेथ' गेला, म्हणजे श्रद्धा गेली. पण हा तर रोज गुडघे टेकून प्रार्थना करतोय! तीन महिने अनंतराव डोकं खाजवत बसले. टायपिंगला वैजापूरची करुणा यायची, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती सहज बोलून गेली, "सर, श्रद्धा देवावर असती. ह्याचं इमान गेलंय. आमच्याकडं बैलालाबी इमान असतं म्हणतात." झालं! पुढचं पुस्तक सरसर सुटलं. प्रस्तावनेत तुझं नाव घालतो, असं अनंतरावांनी तिला तिथल्या तिथं सांगितलं.

मग प्रकाशकाचा फोन आला. 'इमान' शब्दावर स्वारी बेहद्द खूश होती, असा शब्द सुचायला आयुष्य लागतं म्हणाली. अनंतराव हसून म्हणाले, सुचलं आपलं. एवढं बोलून बसल्यावर करुणाचं नाव घालणार कुठल्या तोंडानं? बायकोनं, उमाताईंनी, दोनदा विचारलं, तर हे त्यांच्यावरच खेकसले. लाज वाटत होती, पण कौतुक त्याहून गोड लागत होतं.

पुस्तक आलं तेव्हा करुणा पेढे घेऊन आली. पुस्तक तिनं कपाळाला लावलं, उघडलं मात्र नाही.

"बाबांना वाचता येत नाय, सर. माझं नाव कुठल्या पानावर हाय तेवढं सांगा, खूण घालून नेते."

उमाताई तिथंच बसल्या होत्या, पण मदतीला आल्या नाहीत.

"नाही घातलं गं," अनंतराव शेवटी म्हणाले. "शब्द माझाच म्हणून सांगितलं मी."

करुणानं पुस्तक खाली ठेवलं. मग तिनं मोबाइल काढून बाबांचा नंबर लावला आणि त्यांच्यापुढं धरला.

"तुमचं नाव मी खराब करणार नाय, सर. पण बाबांशी खोटंबी बोलणार नाय. तुम्हीच सांगा."

अनंतरावांनी फोन कानाला लावला.

"रामराम, गुरुजी," पलीकडून म्हातारा आनंदानं म्हणाला. "आलं का पोरीचं नाव?"